उघडा अस्थिभंग : शेतातील माती जखमेत जाते तेव्हा

मार्च सरता सरता वाराणसीच्या परिसरात गव्हाची कापणी सुरू होते आणि एप्रिलभर गावोगावी मळणीयंत्रे रात्री उशिरापर्यंत चालतात. उन्हाचा ताप, अवकाळी पावसाची धास्ती, अपुरी झोप आणि भाड्याने आणलेले यंत्र लवकर मोकळे करण्याची घाई अशा स्थितीत माणसे काम करीत असतात. महाराष्ट्रात हीच घाई ऑक्टोबरात सोयाबीनच्या आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर-हरभऱ्याच्या मळणीवेळी दिसते. पीक, प्रदेश आणि भाषा बदलली तरी अपघाताचे स्वरूप फारसे बदलत नाही. हात यंत्रात ओढला जातो, ट्रॉली उलटते, पाय चाकाखाली सापडतो आणि मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर येते.

अशा वेळी सभोवतालच्या माणसांचे सारे लक्ष हाडाकडे जाते. हाड बसेल का, पाय वाकडा राहील का, असे प्रश्न विचारले जातात. ते स्वाभाविक असले तरी अशा दुखापतीत पहिला प्रश्न हाडाचा नसून जखमेत शिरलेल्या मातीचा असतो. हाड काही दिवसांनीही जुळवता येते. जंतू मात्र वाट पाहत नाहीत. अपघातानंतरच्या पहिल्या तासात शेतावर काय केले गेले आणि काय टाळले गेले, यावर अनेकदा हात किंवा पाय वाचणे अवलंबून असते. म्हणूनच हा विषय डॉक्टरांइतकाच विस्तार कार्यकर्त्यांचाही आहे.

उघडा अस्थिभंग म्हणजे काय?

हाड मोडले, पण त्यावरील कातडी अखंड राहिली तर तो बंद अस्थिभंग होय. मोडलेल्या हाडाचा जखमेवाटे बाहेरील हवेशी, मातीशी किंवा पाण्याशी संबंध आला की तो उघडा अस्थिभंग ठरतो. हाड डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही. हाडाचे टोक क्षणभर बाहेर येऊन पुन्हा आत जाऊ शकते आणि वर केवळ नखाएवढी जखम उरते. त्यामुळे मोडलेल्या भागाजवळ कोणतीही जखम असेल, विशेषतः तीतून काळसर रक्त सतत झिरपत असेल, तर तो उघडा अस्थिभंगच समजून पुढील पावले उचलावीत.

शरीरातील लांब हाडांपैकी नडगीच्या हाडाला हा धोका सर्वाधिक असतो. नडगीच्या पुढील बाजूस कातडीखाली स्नायूंचे आवरण जवळजवळ नसते. त्यामुळे आघात होताच कातडी फाटते आणि नंतर हाड झाकण्यास पुरेसे मांसही उरत नाही.

या दुखापतींचे जगभर वापरले जाणारे वर्गीकरण गुस्तिलो आणि अँडरसन या अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी १९७६ साली मांडले. एक सेंटिमीटरपेक्षा लहान आणि स्वच्छ जखम पहिल्या प्रकारात मोडते. त्याहून मोठी, पण मांसाची फारशी हानी नसलेली जखम दुसऱ्या प्रकारात येते. मांस चिरडले गेले असेल किंवा रक्तवाहिनी तुटली असेल तर तो तिसरा प्रकार होय. शेतकऱ्यांच्या दृष्टीने यात एक बाब विशेष महत्त्वाची आहे. शेतात किंवा गोठ्यात झालेला उघडा अस्थिभंग, जखम कितीही लहान दिसली तरी, थेट तिसऱ्या प्रकारात धरला जातो. जखमेच्या लांबीपेक्षा ती कोठे झाली याला येथे अधिक वजन आहे.

माती : पिकाची माय, जखमेची वैरीण

कृषी विस्तारात ‘जिवंत माती’ हा शब्दप्रयोग आता रुळला आहे. चिमूटभर सुपीक मातीत कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि त्यांच्यामुळेच सेंद्रिय पदार्थ कुजतात व पिकाला अन्न मिळते. परंतु कुजवणे हेच ज्यांचे काम, ते सूक्ष्मजीव चिरडलेल्या मांसातही तेच काम करतात. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत.

पहिला क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी, म्हणजेच धनुर्वाताचा जंतू. याचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे टिकून राहतात. ऊन, थंडी आणि कोरडेपणा यांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. प्राणवायू कमी असलेल्या खोल जखमेत ते रुजतात आणि मज्जासंस्थेवर आघात करणारे विष तयार करतात. दुसरा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा गॅस गँगरीनचा प्रमुख जंतू. रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूत तो झपाट्याने वाढतो. जखमेभोवती दाबले असता कातडीखाली करकर जाणवणे, जखमेच्या मानाने फार तीव्र वेदना होणे आणि दुर्गंधीयुक्त पातळ स्राव वाहणे ही त्याची लक्षणे होत. ती अपघातानंतर काही तासांपासून काही दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतात आणि दिसताच रुग्णाला तातडीने शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागते.

पाटाचे, ओढ्याचे किंवा सांडपाण्याचे पाणी जखमेत गेल्यास धोक्याचे स्वरूप बदलते. गोड्या पाण्यात आढळणारे एरोमोनास जातीचे जिवाणू स्नायूंमध्ये वेगाने संसर्ग पसरवू शकतात आणि त्यांच्यासाठी प्रतिजैविकाची निवड वेगळी करावी लागते. म्हणूनच रक्त धुऊन काढण्याच्या भाबड्या हेतूने जखमी पाय पाटाच्या पाण्यात बुडवणे घातक ठरते.

संसर्ग एकदा हाडात शिरला की तो काढणे अतिशय कठीण असते. आघातामुळे हाडाचे आवरण सोलले जाते आणि त्या तुकड्याचा रक्तपुरवठा थांबतो. जेथे रक्त पोहोचत नाही, तेथे शरीराच्या संरक्षक पेशी पोहोचत नाहीत आणि औषधही पोहोचत नाही. अशा मृत हाडावर किंवा बसवलेल्या धातूच्या पट्टीवर जंतू चिकट थर तयार करून राहतात. वरची जखम भरते, काही महिने बरे जातात आणि पुन्हा पू वाहू लागतो. हाडाच्या या जुनाट संसर्गाला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. वारंवार शस्त्रक्रिया, लांबलेले उपचार, बुडालेले हंगाम आणि कर्ज ही त्याची किंमत शेतकरी कुटुंबाला मोजावी लागते.

काशीची शल्यपरंपरा

अस्थिभंगाचा पद्धतशीर विचार काशीला नवा नाही. सुश्रुतसंहितेत काशिराज दिवोदास धन्वंतरी हे सुश्रुतादी शिष्यांना शल्यशास्त्र सांगतात. या ग्रंथात हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार वर्णिले आहेत. मोडलेल्या अवयवाला आधार देण्यासाठी वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन आदी झाडांच्या साली आणि बांबू सुचवले आहेत. बंध सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पू होतो, हा तेथील इशारा आजही प्रत्येक प्रथमोपचार वर्गात सांगण्याजोगा आहे. अस्थिभंगासोबत जखम असेल तर तिचा स्वतंत्र उपचार सांगितला आहे, म्हणजे हे दोन प्रश्न वेगळे आहेत याची जाण त्या काळीही होती.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने याच ग्रंथातील आणखी एक निरीक्षण लक्षणीय आहे. माशा जखमेवर येऊन कृमी टाकतात आणि त्यामुळे सूज व तीव्र वेदना होतात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कुजणाऱ्या मांसात अळ्या आपोआप उत्पन्न होत नाहीत, त्या माशांपासूनच येतात, हे युरोपात फ्रान्चेस्को रेडी यांनी प्रयोगाने दाखवले ते १६६८ साली.

तथापि हाडाच्या जखमेत पू का होतो, याचे उत्तर मिळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले आणि त्या उत्तराचा एक धागा शेतीतूनच आला. ब्रिटनमधील कार्लाइल शहराच्या सांडपाण्यात कार्बोलिक आम्ल मिसळले असता त्या पाण्यावर भिजणाऱ्या कुरणांची दुर्गंधी थांबली आणि तेथे चरणाऱ्या गुरांना होणारे परोपजीवीही नष्ट झाले, असे वृत्त १८६४ साली जोसेफ लिस्टर यांच्या वाचनात आले. पुढच्याच वर्षी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, गाडीचे चाक पायावरून गेलेला अकरा वर्षांचा मुलगा ग्लासगो येथील रुग्णालयात त्यांच्याकडे आला. नडगी मोडली होती आणि वर जखम होती. अशा रुग्णाचा पाय कापणे हाच तेव्हा सुरक्षित मार्ग मानला जाई. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी ठेवली. पू झाला नाही आणि सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळले. निर्जंतुक शस्त्रक्रियेच्या युगाचा आरंभ अशा रीतीने एका उघड्या अस्थिभंगापासून झाला.

जखमेतील अळ्या : उपचार की उपद्रव?

ग्रामीण भागात ‘अळ्या जखम साफ करतात’ असे अधूनमधून ऐकू येते. या समजुतीत तथ्याचा अंश आहे, पण तो नीट समजून घेणे आवश्यक आहे. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम बेअर यांच्यापुढे दोन सैनिक आणले गेले. मांडीचे हाड मोडून उघडे पडलेल्या अवस्थेत ते सात दिवस रणभूमीवर पडून होते. जखमा अळ्यांनी भरलेल्या होत्या. परंतु अळ्या काढल्यावर आत पू नव्हता, निरोगी गुलाबी मांस होते. त्या काळी अशा दुखापतीत सुमारे तीन-चतुर्थांश सैनिक दगावत असत. बेअर यांनी १९२८ पासून बाल्टिमोर येथे हाडाच्या जुनाट संसर्गावर अळ्यांचा उपचार सुरू केला. प्रारंभी काही रुग्णांना धनुर्वात झाला. त्यानंतर त्यांनी अळ्या निर्जंतुक करूनच वापरण्याची पद्धत बसवली. आजही काही देशांत प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या ल्युसिलिया सेरिकाटा या माशीच्या अळ्या वैद्यकीय देखरेखीखाली वापरल्या जातात.

गोठ्यातील माशी ही प्रयोगशाळेतील माशी नव्हे. ती शेणावरून उठून जखमेवर बसते आणि पायांबरोबर जंतू आणते. शिवाय आपल्याकडे आढळणारी क्रायसोमिया बेझियाना ही माशी मृत नव्हे, जिवंत मांस खाते. गुरांच्या जखमा पोखरणाऱ्या अळ्या पशुपालकांच्या परिचयाच्या आहेत. माणसाच्या जखमेतही त्या तशाच खोल शिरतात. माशीने घातलेली अंडी उन्हाळ्यात एका दिवसाच्या आतच फुटू शकतात. तेव्हा जखमेवर माशी बसू न देणे, म्हणजेच ती तत्काळ झाकणे, हाच योग्य मार्ग होय.

पहिल्या तासात शेतावर काय करावे?

१. यंत्र किंवा ट्रॅक्टर प्रथम बंद करावा. चालू यंत्रातून हात ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये.

२. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून ‘हाड मोडले असून जखम उघडी आहे’ असे स्पष्ट सांगावे.

३. रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. हाड बाहेर आले असल्यास त्यावर न दाबता कडेने दाब द्यावा. दाबूनही रक्त थांबत नसेल आणि जीव धोक्यात असेल तरच जखमेच्या वर रुंद पट्टा आवळावा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवावी.

४. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. हाडाचा सुटलेला तुकडा फेकून न देता स्वच्छ कापडात गुंडाळून सोबत न्यावा.

५. सहज उचलता येणारा काडीकचरा काढावा, पण जखम खरवडू नये. सलाइनमध्ये किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ सुती कापडाने ती झाकावी. ते नसल्यास धुतलेले कोरडे कापडही चालेल.

६. हळद, चुना, तंबाखू, शेण, राख, रॉकेल, चहापूड किंवा झाडपाल्याचा लेप यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्यामुळे जंतूंची भर पडते आणि पुढे जखम साफ करताना अधिक मांस काढावे लागते.

७. बांबूच्या कामट्या, फळी किंवा घडी केलेली गोधडी वापरून मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर करावेत. बोटे गार, पांढरी किंवा निळसर पडली तर बंध सैल करावा.

८. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये.

९. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने खाण्यापिण्यास काही देऊ नये.

१०. जखमीच्या अंगावर कीटकनाशक सांडले असल्यास कपडे काढून कातडी धुवावी, मात्र ते पाणी जखमेत जाऊ देऊ नये. औषधाचा डबा किंवा त्यावरील लेबल सोबत न्यावे.

जखम एकदा झाकल्यावर ती वारंवार उघडून दाखवू नये. अशा जखमांतील अनेक संसर्ग मातीतील नव्हे, तर नंतर रुग्णालयातील जंतूंमुळे होतात, असे आढळले आहे. गरज असेल तर झाकण्यापूर्वी मोबाईलवर एक छायाचित्र काढावे आणि तेच पुढे दाखवावे.

रुग्णालयात काय होते?

शिरेवाटे प्रतिजैविक शक्यतो दुखापतीपासून एका तासाच्या आत मिळावे, असा आजचा मापदंड आहे. पाझाकिस यांच्या १९७४ सालच्या प्रसिद्ध चाचणीत प्रतिजैविक न दिलेल्या रुग्णांत संसर्गाचे प्रमाण १३.९ टक्के होते, तर सेफॅलोथिन दिलेल्यांत ते २.३ टक्के होते. त्यामुळे मोठे रुग्णालय दूर असेल तर वाटेतील प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात प्रतिजैविक आणि धनुर्वाताची लस घेऊन पुढे जाणे हिताचे असते. मात्र टाके घालून जखम बंद करण्याचा आग्रह तेथे धरू नये. माती आत ठेवून शिवलेली जखम गॅस गँगरीनला आमंत्रण देते.

धनुर्वाताबाबत प्रौढ पुरुष शेतकरी बहुधा गाफील असतात. गरोदरपणात स्त्रियांना लस मिळते. पुरुषांची शेवटची मात्रा अनेकदा शाळेत झालेली असते. मळकट जखमेत, शेवटच्या मात्रेला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असल्यास पुन्हा लस लागते. पूर्वी पूर्ण लसीकरण झालेले नसल्यास लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ही माहिती डॉक्टरांना न विचारताही सांगावी.

यानंतरची पायरी म्हणजे भूल देऊन जखम साफ करणे. यात मृत मांस, सुटलेले हाड आणि माती काढून भरपूर सलाइनने जखम धुतली जाते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, जीत भारतीय रुग्णालयेही सहभागी होती, साध्या सलाइनपेक्षा साबणाचे द्रावण सरस ठरले नाही. शेतातील माती, शेण किंवा सांडपाणी यांनी दूषित झालेली जखम शस्त्रक्रियेसाठी तत्काळ घ्यावी, अशी ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. म्हणून ‘जखम शेणाच्या उकिरड्यावर झाली’ किंवा ‘नाल्याचे पाणी लागले’ हे वाक्य डॉक्टरांसाठी क्ष-किरण चित्राइतकेच मोलाचे असते. अपघाताची नेमकी वेळ, मधुमेह आणि औषधांची ॲलर्जी याही बाबी सांगाव्यात.

पाय वाचवावा की कापावा, हा निर्णय अंदाजाने घेतला जात नाही. कोइम्बतूर येथील गंगा हॉस्पिटलमध्ये विकसित झालेल्या गुणांकन पद्धतीत कातडी, हाड व स्नायू यांची हानी आणि रुग्णाचे इतर आजार यांना स्वतंत्र गुण दिले जातात. भारतातील रस्त्यांवरच्या आणि कामाच्या ठिकाणच्या दुखापतींच्या अनुभवातून घडलेली ही पद्धत आता परदेशांतही वापरली जाते.

हाडवैद्याकडे जाण्याची परंपरा वाराणसीच्या आसपासच्या गावांत जशी आहे तशी महाराष्ट्रातही आहे. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा एक साधी मर्यादा समजावून सांगणे अधिक उपयुक्त ठरते. कातडी फाटली असेल तर मालीश नाही, लेप नाही, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय. वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाचे ट्रॉमा सेंटर अशा रुग्णांसाठी उपलब्ध आहे. आपल्या तालुक्यापासून अशी सोय कोठे आहे, याची माहिती हंगामापूर्वीच गावात असावी.

मळणीपूर्वीची तयारी

अपघातानंतरच्या उपचारापेक्षा अपघात टाळणे केव्हाही स्वस्त. मळणीयंत्रात पीक टाकण्याचे तोंड लांब आणि वरून झाकलेले असेल तर हात ड्रमपर्यंत पोहोचतच नाही. भारतीय मानक ९०२० नुसार या तोंडाची लांबी किमान ९०० मिलिमीटर आणि त्यावरील झाकण किमान ४५० मिलिमीटर असावे. ‘माल लवकर जात नाही’ म्हणून हे झाकण कापून टाकलेली यंत्रे गावोगावी दिसतात. मळणीयंत्रे डोळ्यांसमोर ठेवून धोकादायक यंत्रे (विनियमन) कायदा १९८३ साली झाला, परंतु कायद्याची पाटी हाताला वाचवत नाही, झाकण वाचवते.

कडबाकुट्टी यंत्रात विशेषतः मुलांची बोटे सापडतात. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील दिनेश मोहन आणि राजेश पटेल यांनी उत्तर भारतातील खेड्यांत शेतीतील अपघातांचा अभ्यास करून या यंत्रासाठी पात्यांचे आवरण, हात पुढे जाण्यापूर्वी सावध करणारा रूळ आणि काम नसताना चाक अडकवून ठेवण्याची खीळ असे साधे बदल सुचवले. गावचा लोहार किंवा फॅब्रिकेशनवाला असे बदल अल्प खर्चात करून देऊ शकतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या प्रत्येक बैठकीत बियाणे-खतांच्या चर्चेसोबत दहा मिनिटे या विषयासाठी राखून ठेवावीत. यंत्राचे तोंड मोजून पाहावे. पी.टी.ओ. शाफ्टवर आवरण आहे का, ट्रॉलीला मागे परावर्तक पट्ट्या आहेत का, हे तपासावे. सैल बाही, उपरणे, साडीचा पदर, हातातील कडे आणि बांगड्या यांबाबत मजुरांना सांगावे. खळ्यावर स्वच्छ कापड, सलाइनच्या बाटल्या, रुंद पट्ट्या आणि चार कामट्या असलेली पेटी ठेवावी. गावातील पुरुषांचे धनुर्वात लसीकरण आरोग्यसेविकेच्या मदतीने हंगामापूर्वी पूर्ण करून घ्यावे.

अपघातातून कायमचे अपंगत्व आल्यास महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली १० ते ७५ वयोगटातील शेतकऱ्याला किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला साहाय्य मिळते. एक अवयव किंवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपये आणि दोन अवयव निकामी झाल्यास किंवा मृत्यू ओढवल्यास २ लाख रुपये दिले जातात. उत्तर प्रदेशात मुख्यमंत्री कृषक दुर्घटना कल्याण योजनेखाली ५ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. यांसाठी अपघाताची नोंद आणि उपचाराची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत.

ही रक्कम कुटुंबाला सावरते, पण गेलेला हात परत आणत नाही. हात वाचवण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी मात्र साध्या आहेत : यंत्राचे झाकण, जखमेवर स्वच्छ कापड, मोडलेल्या अवयवाला चार कामट्या आणि वाया न घालवलेला एक तास. त्यांपैकी कोणतीही गोष्ट गावाबाहेरून आणावी लागत नाही.